मायने वेगळे केलेले शंख

नागपूरहून ब्रह्मपुरीला जाणाऱ्या एसटीत मी तीन क्रेट चढवले, तेव्हा कंडक्टरने काही विचारलं नाही. उमरेडच्या पुढे गाडी एका खड्ड्यात आदळली, वरच्या क्रेटमधल्या एका बाटलीचं झाकण सैल झालं आणि गाडीभर स्पिरिटचा वास पसरला. ब्रह्मपुरी आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आणि तिथे तेव्हा दारूबंदी होती. लोक मागे वळून पाहू लागले. कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत मारून माझ्या सीटपाशी आला.

"मॅडम, काय आहे याच्यात?"

"शंख आहेत. समुद्रातले."

"अन् वास कायचा येऊन राह्यला?"

"सडू नयेत म्हणून स्पिरिटमध्ये ठेवलेत. मी कॉलेजात शिकवते." रुजू व्हायला अजून दोन दिवस होते, पण तेवढं खोटं मी बोलून गेले.

त्याने क्रेट उघडायला लावलं. मी एक बाटली काढून उजेडात धरली. आत बोराएवढे काळसर शंख एकावर एक बसलेले. तो बराच वेळ पाहत राहिला. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीने वाकून बाटलीला नाक लावलं आणि त्याला म्हणाली, "घोंगे आहेत गा भाऊ. जाऊ दे तिले."

त्या तीन क्रेटमध्ये माझं अकरा वर्षांचं काम होतं. कोकणच्या किनाऱ्यावर एकाच खडकाळ पट्ट्यात, ओहोटीमागून ओहोटी फिरून गोळा केलेलं. आणि मी ते सगळं घेऊन जिथून कुठलाच समुद्र जवळ नाही, अशा माझ्या गावी परत चालले होते.

आमचं गाव नागभीड आणि सिंदेवाहीच्या मधे, एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली. आम्ही ढिवर. बाबा डोंगा घेऊन जाळं टाकायचे, माय मासोळी विकायची. मी बी.एस्सी.ला असताना बाबा गेले. त्यानंतर माय दोन्ही कामं करू लागली. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की गावातल्या बाया टोपल्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यात शिरत आणि चिखलातून घोंगे काढत. घोंगा म्हणजे तलावातली मोठी गोगलगाय. आमच्याकडे ती शिजवून खातात. गढूळ पाण्यात काही दिसत नाही, म्हणून सगळं हातानेच. हाताला लागलेला घोंगा जिवंत की मेलेला, भरलेला की चिखलाने जड झालेला, हे बाया पाण्यातच ओळखतात. तोंडावरचं झाकण अंगठ्याने दाबून पाहायचं. घट्ट असेल तर टोपलीत, नाहीतर परत पाण्यात. लहान असताना मीही हे केलं होतं. ते काही शिक्षण आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो एम.एस्सी.च्या सहलीत. बाकी मुलं लाटांत गेली. मी खडकांवर बसून शंख उलटे करून त्यांची झाकणं दाबून पाहत होते. किनारा दाखवायला आलेल्या एक प्राध्यापिका माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय करते आहेस?"

"जिवंत आहेत का पाहते."

"कुठे शिकलीस?"

"घरी."

त्या हसल्या नाहीत. घरी काय करतात ते विचारलं, आणि मी सांगितलं ते उभ्या उभ्या ऐकून घेतलं. दोन वर्षांनी मी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी.ला लागले. त्यांना आम्ही सगळेच नुसतं मॅडम म्हणायचो.

माझा प्रश्न साधा होता. खडकाच्या वरच्या भागात, जिथे दिवसातले कितीतरी तास पाणी पोचत नाही, तिथले बहुतेक शंख जाड आणि फुगीर होते. खालच्या भागातले पातळ आणि चपटे. ही एकच जात आहे की दोन? पाहण्यासाठी मी खालचे शंख उचलून वर नेले आणि वरचे खाली. ओळखायला प्रत्येकावर नखपॉलिशचा ठिपका. तालुक्याच्या गावातला दुकानदार मला ओळखू लागला होता. एकदा लाल, निळी, पांढरी अशा सगळ्या बाटल्या बांधून देताना त्याने लग्न कधी आहे म्हणून विचारलं. काही महिन्यांनी वर नेलेल्या बऱ्याच शंखांनी जाड कवच घडवायला सुरुवात केली. जे बदलले नाहीत, ते म्हातारे असतील म्हणून मी सोडून दिले. मी लिहिलं, जात एकच आहे. पिल्लू ज्या उंचीवर चिकटतं, तिथल्यासारखं त्याचं अंग घडतं. माझा प्रबंध मंजूर झाला. त्यावरचा लेख मॅडमच्या आणि माझ्या नावाने छापून आला, बाहेरच्या लोकांनी त्याचे दाखले दिले. त्या उत्तरावरच पुढची सगळी वर्षं मी त्याच खडकांवर काम करत राहिले.

तिकडे असताना मी मायला ओहोटीनंतर फोन करायची. "उतरलं का आज पानी?" हा तिचा पहिला प्रश्न. किती वाजता उतरलं, कुठपर्यंत गेलं, हे ती विचारून घ्यायची. माझ्या कामातलं तिला तेवढंच पक्कं कळायचं, आणि ते तिने कधी चुकवलं नाही.

मग एक दिवस शेजारच्या काकूंचा फोन आला. माय पाळीवरून घसरली होती. हाताला मार होता, पण खरी गोष्ट निराळी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ती दीड-दोन वर्षांपासून अंदाजाने चालत होती. कोणाला बोलली नव्हती. डॉक्टर म्हणाले, साखर फार वाढली आहे, ती आटोक्यात येईपर्यंत ऑपरेशन करता येणार नाही. त्याच सुमारास ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात जागा निघाली. मी अर्ज केला. मॅडम तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी शंखांच्या बाटल्या स्वतः उभं राहून बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "मोजमाप घरी बसूनही होतं. थांबवू नकोस."

मी गावात राहून रोज एसटीने कॉलेजला जाऊ लागले. सकाळी स्वयंपाक, मायच्या गोळ्या, मग गाडी. संध्याकाळी कॉलेजातल्या पोरींच्या जर्नल्स तपासायच्या. क्रेट धान्याच्या कोठीशेजारी तसेच पडून होते. दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा एक बाटली उघडली, शंख पाण्यात भिजवून धुतले आणि सपरीत सतरंजी टाकून मोजायला बसले. घराच्या पुढच्या त्या ओट्यावर दुपारचा उजेड चांगला येतो.

माय खांबाला टेकून बसली होती. तलावावर जाणं बंद झाल्यापासून ती दिवसभर तशीच बसायची. ज्या बाईला मी कधी रिकाम्या हाताने पाहिलं नव्हतं, तिला पदराचं टोक गुंडाळत-उलगडत बसलेलं पाहणं मला जड जायचं.

"मले दे काही काम," ती म्हणाली.

मी धुतलेले शंख एका परातीत घालून तिच्यासमोर ठेवले. "दहा-दहाचे वाटे कर. मला मोजायला सोपं जाईल."

मासोळीचे वाटे तिने जन्मभर केले होते. मी जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन आपल्या कामाला लागले. थोड्या वेळाने पाहिलं तर तिच्यासमोर दोनच मोठे ढीग होते.

"दहा-दहाचे म्हटलं होतं ना, माय?"

"करते. पयले हे वेगरे काढले. दोन जातीचे एकात एक कायले मिसरवून ठेवले तू?"

"सगळे एकच आहेत."

"नाई." तिने एक शंख उचलून अंगठा त्याच्या झाकणावर फिरवला. "याचं झाकन गुरगुरीत आहे." मग दुसऱ्या ढिगातला उचलला. "याचं रेतीवानी लागते."

"वय झालं की झाकण खडबडीत होतं," मी म्हणाले. प्रबंधात मी हे एका वाक्यात लिहून पुढे गेले होते.

तिने दोन्ही ढिगांत चाचपून दोन शंख काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. "हा लहान आहे, तरी रेतीवानी. हा मोठा आहे, तरी गुरगुरीत." मी दोन्हींवर अंगठा फिरवून ते खाली ठेवले, तेव्हा तिचा आवाज मऊ झाला. "तुले शिकवून नाई राह्यली बाई. हाताले लागलं थे सांगतलं."

मी दोन्ही ढीग एकत्र केले, परात उचलून आत नेली आणि चहा ठेवायचं निमित्त केलं. मला तिचा राग आला होता. खरं तर तिचा नव्हता. माझ्या अंगठ्याला त्या दोन झाकणांमधला फरक लागला होता.

प्रत्येक शंखावर पांढऱ्या शाईने बारीक आकडा घातलेला होता. मायला आकडे दिसणं शक्य नव्हतं. दोन दिवसांनी मी तेच शंख तिच्यासमोर ठेवले आणि म्हटलं, "तुला वाटतात तसे वेगळे कर." तिने केले. मी आकडे वहीत उतरवून घेतले. चार दिवसांनी पुन्हा ठेवले. तिसऱ्या वेळी मी खडकाच्या वरचे आणि खालचे शंख आणखी दोन बाटल्यांमधून काढून मिसळले. ती काही विचारत नव्हती. काम मिळालं म्हणून खूश होती, मधे मधे पोरींच्या अभ्यासाची चौकशी करायची. आणि प्रत्येक वेळी आधीचे आकडे बहुतेक त्याच ढिगात यायचे. खडबडीत झाकणाच्या ढिगात वरचेही होते, खालचेही. गुळगुळीतच्या ढिगातही तसंच. म्हणजे खडकावरच्या उंचीच्या माझ्या हिशेबाशी त्या दोन ढिगांचा काही संबंधच नव्हता. एका खडकावर दोन जाती शेजारी शेजारी राहत होत्या आणि मी अकरा वर्षं त्यांना एक समजून ठिपके लावत होते.

त्या दिवशी मी पाळीवर जाऊन बसले. समोर बाया कपडे धूत होत्या. प्रबंध, लेख, नोकरीच्या मुलाखतीत ऐटीत सांगितलेलं ते उत्तर, सगळं डोळ्यांसमोर आलं. कोणाला सांगितलं नाही तर कोणाला कळणार नाही, हेही मनात येऊन गेलं. ते मनात आलं याचीच लाज जास्त वाटली. घरी येऊन मी मॅडमना फोन लावला.

त्यांनी मधे न बोलता ऐकलं.

"आईंना किती वेळा दिलेस?"

"तीनदा."

"आकडे दिसत नव्हते त्यांना? नक्की?"

"माझा चेहराही नीट दिसत नाही, मॅडम."

मग म्हणाल्या, "तुला लागतं का हाताला?"

"आता लागतं. आधी कधी पाहिलंच नाही."

"मीही नाही पाहिलं. त्या लेखावर माझंही नाव आहे, तेव्हा एकटीने रडत बसू नकोस. जनुकं तपासून घे. चूक निघाली तर आपणच लिहू."

हैदराबादला माझी एक जुनी मैत्रीण होती, तिच्या प्रयोगशाळेत हे काम व्हायचं. मायने वेगळ्या केलेल्या शंखांमधले ऊतीचे तुकडे, त्यांत ठिपके लावून जागा बदललेल्या शंखांचेही, मी तिला पाठवले. कोणता कोणत्या ढिगातला हे मुद्दामच कळवलं नाही. उत्तर यायला बरेच महिने लागले. आलं तेव्हा मी कॉलेजात परीक्षेच्या ड्युटीवर होते. दोन तास फोन खिशात ठेवून वर्गात फेऱ्या मारल्या, आणि पेपर सुटल्यावर कोपऱ्यातल्या बाकावर बसून तो मेल उघडला.

जाती दोन होत्या. शंभर टक्के वेगळ्या, फार जुन्या काळापासून वेगळ्या वाढलेल्या. त्यातली एक, खडबडीत झाकणाची, खरोखरच जागेप्रमाणे अंग बदलत होती. माझ्या ठिपक्यांनी पाहिलं होतं ते तिचं. दुसरी काहीही झालं तरी बदलत नव्हती. माझं उत्तर अर्धं खरं होतं, आणि उरलेलं अर्धं माझ्या उत्तरापेक्षा कितीतरी सुंदर होतं. एकाच खडकावर, एकच ऊन सोसत, एक वाकून जगत होती आणि दुसरी न वाकता.

घरी येऊन ती यादी वहीतल्या ढिगांशी ताडून पाहिली आणि मायला सांगितलं. तिने पहिल्यांदा विचारलं, "कोनते चुकले?"

"तीन."

"आन इकडे."

मी ते तीन शंख शोधून तिच्या हातात दिले. तिने एकेकाच्या झाकणावर अंगठा फिरवला, मग परत फिरवला. "हे दोन घाईत झाले," ती म्हणाली. "हा मातर आताबी नाई समजून राह्यला." आणि तो तिसरा तिने संध्याकाळपर्यंत मुठीत ठेवला.

नवा लेख लिहिताना मी पहिल्या परिच्छेदातच आमच्या जुन्या लेखातली चूक लिहिली. पाठवण्याआधी मॅडमना मसुदा दाखवला. त्यांनी लेखकांच्या यादीत एकच बदल केला. स्वतःचं नाव दुसऱ्या जागेवरून तिसऱ्या जागी नेलं आणि मधली जागा रिकामी ठेवली. समासात लिहिलं होतं, "आईंचं नाव इथे."

माय तयार होईना.

"माझं नाव कायले? लोक हसतीन."

"कोणते लोक?"

"तुये लोक. शिकलेले."

मी समजावून पाहिलं. तिने मान फिरवली. मग जरा वेळाने विचारलं, "चुकलेले बी लिहिले का त्याच्यात?"

"लिहिलेत. तीनही."

"मंग टाक."

नियतकालिकाच्या फॉर्मवर प्रत्येक लेखकाची संस्था विचारली होती. माझ्या नावापुढे कॉलेज आलं, मॅडमच्या पुढे त्यांचं जुनं विद्यापीठ. मायच्या नावापुढे मी आमच्या गावाचं नाव घातलं आणि व्यवसाय मच्छीमार असा लिहिला. छापण्याआधी लेख तपासणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, या दुसऱ्या लेखिकेचं प्रशिक्षण कुठे झालं. मी उत्तरात आमच्या तलावाबद्दल, गढूळ पाण्यात हाताने घोंगे काढण्याबद्दल सगळं लिहिलं. त्यावर पुढे काही प्रश्न आला नाही. लेख छापून आला. जुन्या लेखाचे दाखले देणाऱ्या दोघांनी मला पत्रं लिहिली. त्यातलं एक तिरकस होतं, दुसऱ्यात त्यांच्या किनाऱ्यावरच्या शंखांची झाकणं पुन्हा तपासत असल्याचं कळवलं होतं.

त्या हिवाळ्यात मायची साखर उतरली आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. हिरवी पट्टी निघाली त्या दिवशी तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळली तू." मग घरभर फिरून भिंतींचे पोपडे, भांड्यांची काळी बुडं, सगळं पाहून घेतलं आणि दोन दिवस घासत बसली. माझी कामं तिने माझ्या हातून काढून घेतली. तलावावरही जाऊ लागली, आधी नुसती पाळीवर बसायला आणि मग, मी कॉलेजला गेले की, पाण्यातही. मला हे शेजारच्या काकूंकडून कळलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला कोकणात नेलं. दोन गाड्या बदलून, मग एसटी. मॅडम काठी टेकत स्टँडवर आल्या होत्या. दोघी एकमेकींपुढे थोड्या अवघडल्या. मॅडम शुद्ध पुणेरी बोलायच्या आणि माय त्यांच्यापुढे मुद्दाम हळू, शब्द निवडून बोलू पाहत होती. मायने पिशवीतून सुकवलेल्या मासोळीची पुडी काढून त्यांच्या हातात दिली. समुद्राकाठच्या बाईला तलावातली सुकी मासोळी द्यायला नागभीडजवळून आणलेली. मॅडमनी पुडी तिथेच उघडून वास घेतला आणि विचारलं, "ही कशी करायची?" मग सगळ्या वाटेने माय ते सांगत राहिली आणि शब्द निवडायचं विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला आम्ही खडकांवर गेलो. मायने लुगडं खोचलं आणि थांबून समोर पाहिलं. खडकांच्या पलीकडे दूरवर ओली रेती होती.

"तू फोनवर सांगे थे हेच का? पानी कुठी गेलं?"

"आत गेलंय. दुपारपर्यंत येईल," मी म्हणाले.

"कोन सोडते?"

"कोणी सोडत नाही, माय. आपणहून जातं, आपणहून येतं. दिवसातून दोनदा."

आमच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी सोडायचं यावरून गावात दरवर्षी तंटे होतात. ऐन हंगामात मायने त्यापायी लोकांची डोकी फुटलेली पाहिली आहेत. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग इथी भांडनं होत नसन." मॅडम हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

एका सपाट खडकावर दोघी बसल्या. मी खाली चिरांमध्ये शंख पाहत होते, बोलणं कानावर येत होतं. मॅडमनी विचारलं, "लेकीने सांगितलं सगळे एकच आहेत, तेव्हा तुम्हाला काय वाटलं हो?"

"मले वाटलं, थकली असन पोरगी," माय म्हणाली. "सकारी उठून माह्या गोळ्या, मंग गाडी, मंग कॉलेज. थकलेल्या मानसाच्या हाताले काही लागत नाई."

मॅडमनी मायच्या हातावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

पाणी परतू लागलं तेव्हा आधी चिरा भरल्या, मग खालचे खडक. पहिली लाट त्यांच्या पायांपर्यंत आली तशी मी वर जाऊन म्हटलं, आता उठायला हवं. मॅडमनी काठी घेतली. माय म्हणाली, "बसू द्या ना थोडं." मॅडमनी काठी पुन्हा खाली ठेवली. पाणी घोट्यांवरून येत-जात राहिलं आणि दोघी भिजत बसल्या. मी दोघींच्या चपला उचलून हातात धरल्या आणि शेजारी उभी राहिले.